आबांना त्यांच्याच आजाराबाहेर ठेवू नका

प्रश्न, थोडक्यात: माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी आई आणि ते दोघंच राहतात. मी पुण्यात, भाऊ आयर्लंडमध्ये. चार महिने कंबर दुखत होती, वयाचं दुखणं म्हणून मलम चोळत राहिले. आता प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीच्या रक्ततपासणीत पीएसए ३८० आला, बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि स्कॅनमध्ये तो मणका, कमरेची हाडं आणि दोन बरगड्यांत पसरलेला दिसतोय. डॉक्टर म्हणतात, एकतर छोटं ऑपरेशन करून अंडकोष काढा, नाहीतर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्या, सोबत गोळ्या. आई म्हणते, त्यांना काही सांगायचं नाही, हाय खातील. आबा स्वतः काही बोलत नाहीत, दुखतंय असंही म्हणत नाहीत. मी मुलगी, त्यांच्या लघवीबद्दल विचारायलाही जीभ रेटत नाही. रोज रानात जायचा हट्ट मात्र सुटत नाही. जाऊ द्यावं का? मी नक्की काय करू?

उत्तर:

तुमच्या आईच्या वाक्यापाशी मी आधी थांबले. ‘सांगायचं नाही, हाय खातील.’ मी २२ वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करते. म्हणजे आजार मुळातून जाणार नसतो तेव्हा माणसाचं दुखणं, धाप, झोप, मन आणि त्याच्या भोवतीचं घर सांभाळण्याचं काम. हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. मी दारात चपला काढत असते तेवढ्यात कोणीतरी बाजूला घेतं, ‘मॅडम, त्यांच्यापुढे कॅन्सर हा शब्द काढू नका.’ आत जाते. घरातली मंडळी चहा टाकायला उठली की खाटेवरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, ‘हाडात गेलंय ना? मंडळींना सांगू नका, तिला सोसायचं नाही.’ दोघं एका खोलीत झोपतात. दोघांना ठाऊक असतं. आणि एकमेकांना कळू नये म्हणून दोघंही डोळे मिटून रात्र काढतात.

आबा बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना माहीत नाही असा घेऊ नका. त्यांची बायोप्सी झाली, त्यांना त्या मशिनमध्ये झोपवलं, निघताना डॉक्टरांनी तुम्हाला एकटीला आत थांबवलं. सत्तर वर्षं माणसं बघितलेल्या गृहस्थाला एवढं पुरतं. शिवाय पुढच्या उपचारात त्यांच्या शरीराचा एक अवयव काढायचा की नाही, हे ठरवायचं आहे. ते त्यांना अंधारात ठेवून कसं ठरवणार? संमतीच्या कागदावर सही त्यांचीच लागते, आणि ती समजून केलेली असायला हवी.

सांगायचं म्हणजे एकदम सगळं पुढ्यात ओतायचं नाही. आधी विचारायचं. सकाळची वेळ बघा. संध्याकाळी ऐकलेली गोष्ट रात्रभर छातीवर बसते. शेजारी बसा आणि म्हणा, ‘आबा, तुम्हाला काय वाटतंय, हे कशाचं दुखणं असेल?’ मग गप्प राहा. ही शांतता फार लांब वाटेल, ती तुम्ही भरू नका. त्यांनी काही सांगितलं तर तिथून पुढे जा. दुसरा प्रश्न असा, ‘डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तुम्हाला ऐकायचंय, की मी बघून घेऊ?’ काही जण म्हणतात, ‘तू बघ, मला फक्त काय करायचं ते सांग.’ हाही त्यांचाच निर्णय, आणि तो पाळायचा. फरक इतकाच की तो त्यांनी घेतलेला असतो, त्यांच्या वतीने कोणी घेतलेला नसतो. नेमके वैद्यकीय शब्द तुम्हाला जड जाणार असतील तर पुढच्या भेटीत ते डॉक्टरांवर सोपवा. आधी फोन करून कळवा की आबा सोबत असतील आणि त्यांच्याशी बोलायचं आहे.

त्याआधी आईशी बोला. ‘तू चुकतेस’ म्हणून नव्हे. तिला नक्की कशाची भीती वाटते ते विचारा. बहुतेक बायकांच्या डोळ्यांसमोर गावातलं एखादं मरण असतं, विव्हळत गेलेलं. ती भीती खरी आहे आणि तिच्यावर आज इलाज आहे, तो पुढे सांगते.

आता आबांना सांगण्यासारखं काय आहे ते. हा हाडांचा कॅन्सर नाही. प्रोस्टेटच्याच पेशी हाडांत जाऊन राहिल्या आहेत, आणि त्या तिथेही टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवरच जगतात. तो तोडला की बहुतेकांत त्या आक्रसतात. हे १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स या सर्जननी शिकागोत दाखवून दिलं. परळचं टाटा रुग्णालय सुरू झालं त्याच वर्षी. पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उपचाराचा पाया अजूनही तोच आहे, त्यावर आता नवी औषधं चढली आहेत. आजार आटोक्यात येतो, पुष्कळदा काही वर्षं राहतो, पण मुळातून जात नाही. ‘स्टेज चार’ ऐकलं की लोक महिने मोजायला लागतात. प्रोस्टेटच्या बाबतीत ती घाई करू नका. लॅटिट्यूड नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नव्याने पसरलेला, जास्त जोखमीचा आजार असलेले पुरुष होते. नुसता हार्मोन तोडलेल्यांपैकी निम्मे साधारण साडेछत्तीस महिन्यांपलीकडे जगले. सोबत ॲबिरॅटरोन ही गोळी घेतलेल्यांपैकी निम्मे ५३ महिन्यांपलीकडे. आबा यात कुठे बसतील ते आज कोणी सांगू शकत नाही. सहा-सात महिन्यांनी पीएसए किती खाली आलाय, त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. आजार बराच पसरलेला आणि प्रकृती धडधाकट असेल तर ते किमोबद्दलही बोलतील.

ऑपरेशन की इंजेक्शन? हार्मोन दोन्हींनी सारखाच खाली येतो. ऑपरेशन एकदाच, छोटं, आणि एकूण खर्चात खूप स्वस्त. हार्मोन एका दिवसाच्या आत खाली येतो. इंजेक्शनची तारीख चुकवून चालत नाही, आणि गावी राहणाऱ्या माणसाची तारीख पाऊस, लग्न, ऊसतोड कशानेही चुकते. नेहमीच्या इंजेक्शनने पहिले दोन-तीन आठवडे हार्मोन उलटा वर जातो, म्हणून आधीपासून एक वेगळी गोळी देतात. मणक्यात गाठ असणाऱ्या माणसाला ती गोळी दिली आहे ना, हे आवर्जून विचारा. हिशेबाने बघितलं तर आबांसारख्यांना मी ऑपरेशनकडे झुकते. पण काही पुरुषांना त्यातून आपलं काहीतरी कायमचं गेलं असं वाटतं, आणि ते वाटणं तुम्ही किंवा मी खोडून काढायचं नाही. हे बोलणं मुलीसमोर होणार नाही. डॉक्टरांकडे त्यांना दहा मिनिटं एकटं बसू द्या, हवं तर तुमच्या आईसोबत. शरीरसंबंधांवरही परिणाम होतो. तो विषय त्या दोघांचा आहे, पण त्यांना कोणीतरी तो आधी सांगितलेला असावा.

ॲबिरॅटरोन सुरू झाली तर एका गोष्टीकडे बारीक लक्ष हवं. ती साधारणपणे उपाशीपोटी घ्यायची असते: खाल्ल्यानंतर किमान दोन तासांनी, आणि गोळीनंतर एक तास काही खायचं नाही. जेवणासोबत घेतली तर अंगात कितीतरी पट जास्त शोषली जाते. याच गुणाचा उपयोग करून काही डॉक्टर कमी डोस मुद्दाम जेवणासोबत देतात. त्यामुळे शेजारच्या पेशंटचं ऐकून पद्धत बदलू नका. आबांची कोणती ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या आणि ती चहाच्या डब्याला चिकटवा. पहाटे पाचला चहा-बटर खाणाऱ्या माणसाचं उपाशीपोट कधी असतं, हे आईला विचारूनच ठरेल. सोबत स्टेरॉईडची छोटी गोळी असते, ती मनाने एकदम बंद करायची नाही. बीपी, पोटॅशियम आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी. हाडं मजबूत राहावीत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन सुचवलं तर आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. ते सुरू असताना दात काढला तर जबड्याची जखम भरून येणं अवघड होऊन बसतं.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसले ती गोष्ट. आबांचे पाय.

मणक्यातली गाठ वाढून किंवा मणका खचून मज्जारज्जूवर दाब आला तर पाय जातात. वेळेत उपचार झाला तर वाचतात. चालत आलेला माणूस बहुधा चालत घरी जातो. पाय पूर्ण गेल्यावर आलेल्याचे परत येतीलच याची खात्री नसते. माझ्याकडचे एक शेतकरी आजोबा होते. दिवाळीच्या आधी त्यांची एक चप्पल चालता चालता पायातून निसटली आणि ते तसेच दहा पावलं पुढे गेले. नातू चप्पल घेऊन मागून धावला, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडताना पाय अडखळला. तिसऱ्या दिवशी लघवी होईना. घरच्यांना वाटलं इंजेक्शनचा अशक्तपणा असेल, सण झाला की नेऊ. ते माझ्यापर्यंत आले चौथ्या दिवशी, चादरीच्या झोळीतून. त्यानंतर ते वर्षभर जगले, पण उभे राहिले नाहीत. ती चप्पल अजून माझ्या डोळ्यांसमोर येते.

म्हणून आईला एवढं शिकवा. रोज सकाळी आबांनी हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवायचं. चप्पल पायात आहे की नाही हे न बघता कळतं का, विचारायचं. पाठीत नवं दुखणं, पट्ट्यासारखं छातीला किंवा पोटाला आवळणारं, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं. पाय जड होणं, मुंग्या, बधिरपणा. बसायच्या जागेची संवेदना जाणं. लघवी तुंबणं किंवा संडासवरचा ताबा सुटणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. जिथे एमआरआय आहे अशा मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री न्यायचं आणि दारातच सांगायचं, ‘प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आहे, पायातली ताकद कमी झालीय, मज्जारज्जूवर दाब असेल का?’ हे वाक्य पाठ करून घ्या. पूर्ण मणक्याचा एमआरआय, स्टेरॉईडचं इंजेक्शन आणि चोवीस तासांच्या आत रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया, अशी ती घाई असते. गावातून रात्री गाडी कोण काढणार, हे आजच ठरवा. त्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण त्या घटकेला मोबाईलमध्ये नाव सापडत नाही.

दुखण्याबद्दल. ‘दुखतंय का’ असं विचारलंत तर आबा ‘नाही’ म्हणणार. ‘रात्री कुशीवर वळताना किती वेळा जाग येते?’ असं विचारा. ‘पायरी चढताना कुठला पाय आधी टाकता?’ असं विचारा. दहापैकी किती, हा आकडा आमच्या वहीसाठी ठीक आहे. रानात जाणारा माणूस आज मोटर चालू करायला वाकला की नाही, यातून मला जास्त कळतं.

हाडांच्या दुखण्यावर बरंच काही करता येतं. मूळ उपचारानेच पुष्कळांचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं. एकाच ठिकाणी ठणकत असेल तर तिथे रेडिएशन देतात. ज्याला पेशंट ‘शेक’ म्हणतात किंवा ‘लाईट घेतली’ म्हणतात, तेच. ते बरेचदा एकाच दिवसात, ८ ग्रे (रेडिएशनचं माप) इतक्या एका डोसने होतं. वीस फेऱ्यांच्या भीतीने लोक नको म्हणतात, म्हणून हे माहीत असू द्या. शेकानंतर एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो, मग पुढच्या दोन-चार आठवड्यांत उतरत जातो. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. लघवी अडणाऱ्या माणसाची किडनी आधीच ताणाखाली असते आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्या तिच्यावरच घाव घालतात.

आणि मॉर्फिन. हा शब्द उच्चारला की घरात शांतता पसरते. ‘म्हणजे शेवट आला का?’ नाही. दुखणं जेवढं मोठं तेवढं औषध मोठं, इतकाच त्याचा अर्थ. दुखण्यासाठी, ठरल्या डोसमध्ये घेतलेल्या मॉर्फिनने म्हातारी माणसं व्यसनी होताना मी पाहिलेली नाहीत. ती झोपताना पाहिली, जेवताना पाहिली, नातीच्या बारशाला बसलेली पाहिली. साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची असते, दुखू लागायची वाट न बघता. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मग शरीराला सवय होते. बद्धकोष्ठ मात्र सवयीचा होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री पोट साफ होण्याचं औषध हवंच. एका निवृत्त मास्तरांचं दुखणं काही केल्या उतरेना. डोस वाढवत होते, तरी तेच. शेवटी त्यांच्या पत्नीने उशाखालचा पानाचा डबा माझ्यासमोर उघडला. चुना, सुपारी आणि अकरा पांढऱ्या गोळ्या. मास्तर म्हणाले, ‘आत्ता संपवल्या तर पुढे जास्त दुखेल तेव्हा काय घेऊ?’ त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं की या औषधाचा डोस दुखण्यानुसार वाढवता येतो, ते राखून ठेवावं लागत नाही. आबा तसेच निघतील असा मला संशय आहे. आधीच सांगून टाका.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते वर्षानुवर्षं दुर्मिळ होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तुमच्या जवळचं असं केंद्र कोणतं ते आत्ताच शोधा, आणि गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की पुढच्या आणा. तुम्ही पुण्यात आहात. वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची मोफत काळजी घेतं. तिथे जाऊन बोला. आमच्यासारख्यांकडे शेवटच्या आठवड्यातच यायचं, असा समज आहे. पसरलेला आजार कळला त्याच महिन्यात आलात तर आम्ही जास्त उपयोगी पडतो.

लघवीबद्दल विचारताना तुम्हाला अवघडतं, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. वडिलांनाही तितकंच अवघडत असणार. एक युक्ती सांगते. विचारू नका, वही ठेवा. बाथरूमच्या दाराला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली छोटी वही. रात्री उठलं की एक रेघ, धार अडकली किंवा लाल दिसली तर फुली. हिशेब ठेवायची सवय असलेल्या पुरुषांना हे जमतं, तोंडाने सांगण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं. मग तुम्ही फक्त वही वाचायची. रेघा एकदम वाढल्या किंवा एकदम थांबल्या, पायावर सूज आली, मळमळ सुरू झाली तर क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करायला लावा. लघवीचा मार्ग अडून किडनीवर ताण येत असू शकतो. पूर्ण तुंबली तर तो त्याच तासाचा प्रसंग आहे. नळी लागली तर पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. लॅटेक्सची नळी लवकर बदलावी लागते, सिलिकॉनची साधारण तीन महिन्यांपर्यंत चालते. नळी असताना थंडी वाजून ताप आला, किंवा किमो सुरू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. आणि धोतर किंवा सैल लेंगा नेसवा, पिशवी झाकली जाते. पिशवी दिसते म्हणून पारावर जायचं सोडलेली माणसं मला माहीत आहेत.

हार्मोन उतरल्यावर आबा थोडे वेगळे वागतील. अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखं होईल, थंडीत पंखा लावतील, बनियन भिजेल. तुमच्या आईला हे चांगलंच कळेल, तिने तिच्या चाळिशी-पन्नाशीत हेच सोसलं आहे. काही घरांत नवरा-बायकोत इतक्या वर्षांनी यावरून एक नवीनच जवळीक येते. थकवा येतो, स्नायू उतरतात, पोट सुटतं, साखर वाढू शकते. आणि कधी न रडलेला माणूस मालिका बघताना डोळे पुसतो. हा दुबळेपणा नव्हे, औषधाचा परिणामही असतो, हे त्यांना आधी सांगितलेलं असलं तर ते स्वतःवर चिडत नाहीत. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, जेवण सुटलं असेल, ‘मी ओझं झालोय’ असं वारंवार येत असेल, तर ते उदासपण म्हणून डॉक्टरांना सांगा. त्यावर वेगळा उपचार आहे. थकव्यावर सगळ्यात चांगलं औषध चालणं आणि बसून-उठून करायचे साधे व्यायाम. खाण्यात पथ्याचा बाऊ नको. भाकरी, उसळ, अंडं, दही, जे आवडीने जाईल ते. कोणी भस्म, काढा आणून देईल; भांडू नका, पण किडनी आणि लिव्हरवर काय होतंय ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी जा. नंतर गेलात तर झालेला खर्च परत मिळवणं कठीण. साताऱ्याहून रेल्वेने मुंबईला दाखवायला गेलात तर कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री-टियरचं तिकीट माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत.

भावाबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की तो आयर्लंडमध्ये आहे. बहुतेक तो तुम्हाला रोज इंग्रजी लेख पाठवत असणार, आणि तुम्हाला त्याचा राग येत असणार. लांबच्या माणसाची तडफड अशीच बाहेर पडते. त्याला नेमकं काम द्या: सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणं, औषधांचा खर्च, आणि दर रविवारी आबांना फोन. त्या फोनवर आजार सोडून बाकी सगळं. आणि एक तपासणी तुम्हा भावंडांसाठीही आहे. पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या साधारण दहातल्या एका पुरुषात बीआरसीए-२ सारख्या एखाद्या जनुकातला बिघाड वंशातून आलेला असतो. आबांची जनुकीय तपासणी होऊ शकते का ते विचारा. असला तर त्यांना एक वेगळं औषध लागू पडू शकतं, तुम्हाला स्तन आणि अंडाशयाची तपासणी वेळेवर करून घेता येते, आणि भावाला पीएसए कधीपासून बघायचा ते ठरवता येतं.

पुढचं बोलणं आबा ठणठणीत असतानाच होऊ द्या. सातबारा, बँक, मृत्युपत्र हे पुरुष स्वतःहून काढतात. तो धागा धरून विचारा, ‘आबा, फारच वाईट वेळ आली तर तुम्हाला दवाखान्यात राहायचंय की घरी?’ मशिनवर ठेवायचं नाही, अशी इच्छा असेल तर ती लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. त्यांनी विषय टाळला तर सोडून द्या. ते स्वतः तो परत काढतात, बहुतेक भलत्याच वेळी, गाडीत किंवा शेंगा सोलताना. तेव्हा हातातलं काम चालूच ठेवा आणि ऐका.

राहिलं रानात जाणं. आधी त्यांच्या डॉक्टरांना स्कॅन दाखवून विचारा, मणका किंवा खुब्याचं हाड मोडायच्या बेतात आहे का. तसं असेल तर आधी त्या हाडाचा बंदोबस्त, तोवर थांबा. नसेल तर जाऊ द्या. पोतं, कळशी, पंप पाठीवर घ्यायचा नाही. शिडी नाही, बैलगाडीचा हादरा नाही, बांधावरून उडी नाही. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट, हातात काठी, बरोबर कोणीतरी. बांधाला सावलीत एक खुर्ची नेऊन ठेवा; प्लास्टिकची हलते, लाकडी हातांची बघा. हळदीला पाणी कधी सोडायचं ते आबांनी खुर्चीवरून सांगायचं, दारं दुसऱ्याने धरायची. खिशात चार्ज केलेला फोन आणि वेळेवर घ्यायची एक गोळी. आणि पुढच्या शनिवारी तुम्ही गावी जाल तेव्हा त्यांच्याबरोबर चालत जा, दोन पावलं मागून. पाय कसे पडतात ते दिसेल, आणि जे विचारायचं आहे ते तिथे, पाण्याच्या आवाजात, घरापेक्षा सोपं जाईल.